बंदरातले गाणे

लिव्हरपूल हे नाव महाराष्ट्राच्या कानी प्रथम पडले ते गाण्यामुळे नव्हे, कापसामुळे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळविले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून जहाजात चढे आणि लिव्हरपूलच्या गोदीत उतरे. तिकडे भाव चढला की इकडे मुंबईत शेअरांचे भाव चढत. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. हा इतिहास आपणांपैकी पुष्कळांनी वाचलेला आहे. त्यानंतर शंभर वर्षे पुरी व्हावयाच्या आतच त्या बंदराने एक निराळाच माल जगभर पाठविला. तीन गिटारी, एक ड्रम आणि तीन-चार तरुण गळे, एवढाच त्याचा ऐवज. त्या मालाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

बीटल्स हे नाव ज्याने ऐकले नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. पण बीटल्सच्या मोठेपणाविषयी आम्हांला आज बोलावयाचे नाही; त्याविषयी पुस्तकांचे ढीग आहेत. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. १९६३ च्या एप्रिलपासून ते वर्ष संपेपर्यंत ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत बहुतेक आठवडे पहिल्या क्रमांकावर जी गाणी होती, ती लिव्हरपूलकरांचीच होती. आणि ती एकट्या बीटल्सची नव्हती. जेरी अँड द पेसमेकर्स, द सर्चर्स, बिली जे. क्रेमर अशी निरनिराळी नावे त्यांत होती. पुढच्या वर्षी सिला ब्लॅक ही तरुण गायिका त्यांत आली. एकाच शहरात, एकाच वेळी, इतके गुणी लोक कसे निपजले? प्रतिभा ही दैवी देणगी आहे असे म्हणून हात झटकता येतात. पण मग देव लिव्हरपूलवरच एवढा प्रसन्न का झाला, हे कोडे उरतेच. ते सोडवायचे तर देवाकडे न पाहता त्या शहराच्या रस्त्यांकडे, दुकानांकडे आणि तळघरांकडे पाहिले पाहिजे.

आधी शब्दांचा खुलासा करू. बँड म्हटले की आपल्यापुढे वरातीतला बँड उभा राहतो. हा बँड तो नव्हे. यात चार-पाच माणसे असतात. एक गिटार सूर धरते, दुसरी लय धरते, तिसरी जाड तारांची बेस गिटार खर्जात चालते आणि ड्रमवाला ठेका देतो. गाणारा निराळा नसतो, वाजविणारेच गातात. आपल्याकडील जुन्या संगीत मंडळ्यांप्रमाणे यांचेही एक नाव असते, एक बिऱ्हाड असते आणि आपापसांतले रुसवेफुगवेही असतात. म्हणून पुढे आम्ही यांना मंडळीच म्हणणार आहो. यांच्या संगीताचे मूळ अमेरिकेत आहे. तेथील काळ्या लोकांचे ब्लूज आणि गोऱ्या खेडुतांची कंट्री गाणी यांच्या मिश्रणातून १९५० नंतरच्या दशकात रॉक अँड रोल जन्मास आले. लिव्हरपूलने त्याला जे रूप दिले त्यास मर्सी नदीच्या नावावरून मर्सीबीट म्हणतात. ठसठशीत ठेका आणि त्यावर दोघातिघांनी मिळून गायिलेली सुरावट ही त्याची ओळख.

आता शहराकडे वळू. लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापारावर आणि नंतर कापसावर वाढलेले बंदर. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचा दुष्काळ पडला तेव्हा लाखो आयरिश लोक या बंदरात उतरले; कित्येक पुढे अमेरिकेला गेले, कित्येक तेथेच राहिले. वेल्समधून मजूर आले, जहाजांवरून चिनी आणि आफ्रिकी खलाशी आले. घरोघरी गाणे असे आणि ते एका जातीचे नसे. कंट्री गाण्याच्या मंडळ्या तर या शहरात इतक्या होत्या की लोक त्याला उत्तरेकडचे नॅशव्हिल म्हणत. अमेरिकेच्या फेऱ्या करणारे खलाशी तिकडचे कपडे, तबकड्या आणि क्वचित वाद्येही घेऊन येत. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने १९६१ साली जी अमेरिकी गिटार विकत घेतली ती एका खलाशाकडूनच. खलाशांच्या तबकड्यांमुळेच हे सारे घडले असेही पुष्कळ जण सांगतात. तेवढे मात्र आम्हांला पटत नाही. तबकड्या शहरातल्या दुकानांतही मिळत. शिवाय बंदरे इंग्लंडात अनेक होती, आणि सर्वच बंदरे गाऊ लागली नाहीत.

खरी कारणे पुष्कळ साधी आहेत, आणि त्यांतली काही तर सरकारी कागदांत सापडतात. ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी नोकरी करावी लागे. ती बंद झाली तेव्हा १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेली मुले तिच्यातून सुटली. बीटल्सपैकी वयाने सर्वांत मोठा रिंगो स्टार हा जुलै १९४० चा आणि जॉन लेनन हा ऑक्टोबर १९४० चा. दोन वर्षे आधी जन्मते तर ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या हाती गिटारीऐवजी बंदूक आली असती. १९५८ साली हप्तेबंदीने माल विकण्यावरचे निर्बंध उठले आणि पुढच्या वर्षी अमेरिकी वाद्यांच्या आयातीची बंदी उठली. गोदी कामगाराचा मुलगा एवढी किंमत एकदम देऊ शकत नव्हता. हप्त्याने देऊ शकत होता. शहरात हेसी नावाचे वाद्यांचे दुकान होते. ते हप्त्याने गिटारी देई आणि गिटार घेणाऱ्याला पहिले चार-दोन सूर दुकानातच फुकट शिकवी. कलेच्या इतिहासात अशा दुकानदारांना जागा मिळत नाही. आमच्या मते ती मिळाली पाहिजे.

वाद्य विकत घेणे ज्यांना त्याही अवस्थेत परवडत नव्हते त्यांच्यासाठी स्किफल होते. लॉनी डॉनेगन या गायकाचे एक गाणे १९५६ च्या आरंभी गाजले आणि ब्रिटनभर पोरांच्या स्किफल मंडळ्यांचे पीक आले. चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून बेस, कपडे घासण्याच्या पन्हाळी पत्र्यावर बोटांत अंगुस्तान घालून ठेका, आणि एखादी स्वस्त गिटार, एवढी सामग्री पुरे. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मेळ्यांत कैक गाणारी मुले अशीच तयार झाली. वाद्ये मागून आणलेली, तालीम कोणाच्या तरी माडीवर. जॉन लेननने शाळेत असताना अशीच मंडळी काढली. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन या उपनगरात चर्चच्या जत्रेत तिचे वादन झाले आणि त्याच दिवशी पॉल मॅकार्टनी त्याला प्रथम भेटला. या भेटीला लोक योगायोग म्हणतात. पण जत्रेत पोरांच्या मंडळीला जागा देण्याची त्या वस्तीची रीत होती, म्हणून तो योग आला.

पोरांनी वाजवावयाचे कोठे, हा पुढचा प्रश्न. मोना बेस्ट नावाच्या गृहिणीने आपल्या घराच्या तळघरात २९ ऑगस्ट १९५९ रोजी कॅस्बा नावाचा कॉफी क्लब उघडला. ही बाई दिल्लीत जन्मलेली, आणि तिचा मुलगा पीट, जो पुढे दोन वर्षे बीटल्सचा ड्रमवाला होता, तो मद्रासचा. लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन यांनी त्या तळघराच्या भिंती स्वतः रंगविल्या आणि उद्घाटनाला वाजविले. शहरात जॅकरँडा हा दुसरा कॉफी क्लब होता. याशिवाय चर्चचे दिवाणखाने, नगरभवने, नृत्यशाळा होत्या.

आणि मॅथ्यू स्ट्रीट या अरुंद गल्लीत कॅव्हर्न होता. फळांच्या वखारीखालचे हे तळघर. अठरा पायऱ्या उतरून गेले की विटांच्या तीन कमानदार बोळी. हवा नाही, दारू नाही, गर्दी एवढी की माणसांचा घाम वाफ होऊन छतावर जाई आणि थेंब होऊन खाली पडे. १६ जानेवारी १९५७ रोजी हे स्थळ जॅझसाठी उघडले, आणि प्रारंभी तेथे रॉक अँड रोल वाजविणे हा अपराध गणला जाई. १९५९ साली मालक बदलला. नव्या मालकाने, रे मॅकफॉल याने, हळूहळू या पोरांना दार उघडले. त्याने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम ठेवले. जवळपासच्या कचेऱ्यांतल्या टंकलेखिका, कारकून, दुकानांतल्या मुली शिलिंग-दीड शिलिंग देऊन आत येत, पाव खात गाणे ऐकत आणि तासाभराने कामावर परतत. बीटल्सनी ९ फेब्रुवारी १९६१ ते ३ ऑगस्ट १९६३ या अवधीत तेथे पावणेतीनशेहून अधिक वेळा वादन केले. सिला ब्लॅक तेथे कोट सांभाळण्याच्या खिडकीवर बसे आणि संधी मिळाली की गाई.

जाणकारांचा अंदाज असा की त्या काळात शहर आणि परिसर मिळून तीनशेहून अधिक मंडळ्या वाजवीत होत्या. या संख्येचा गाण्यावर काय परिणाम झाला तो पाहण्यासारखा आहे. एका संध्याकाळी एकाच ठिकाणी तीन-चार मंडळ्या असत आणि सर्वांचा साठा अमेरिकी गाण्यांचाच. आधीच्या मंडळीने तुमचे हातखंडा गाणे गाऊन टाकले तर तुम्ही काय गाणार? मग तबकडीच्या मागच्या बाजूची, कोणी न ऐकलेली गाणी हुडकणे आले. तीही पुढे सर्वांना ठाऊक झाली. शेवटी जे गाणे दुसऱ्या कोणाजवळ असूच शकत नाही ते म्हणजे स्वतः रचलेले. लेनन-मॅकार्टनी यांनी आपली गाणी रंगमंचावर आणली त्यामागे ही निकड होती, हे मॅकार्टनीने स्वतः अनेकदा सांगितले आहे. हीच गोष्ट आवाजाची. बिग थ्री ही तिघांचीच मंडळी. पण तिच्यातल्या एड्रियन बार्बरने स्वतः ध्वनिवर्धक बांधले. त्यांची खोकी एवढी अवाढव्य की लोक त्यांना शवपेट्या म्हणत. मग इतरांनाही तसेच हवे झाले. चढाओढ कटू होती, आणि तरी ड्रम फुटला तर शेजारच्या मंडळीचा मागून आणता येई.

६ जुलै १९६१ रोजी बिल हॅरी या चित्रकलेच्या विद्यार्थ्याने मर्सी बीट नावाचे पाक्षिक काढले. पहिल्या अंकाच्या पाच हजार प्रती छापल्या. लंडनच्या वृत्तपत्रांना या शहराचे गाणे ठाऊक नव्हते. या पत्राने शहराला त्याचे स्वतःचे गाणे दाखविले. कोण कोठे वाजविते, कोण कोणाला सोडून गेले, कोणाची गिटार नवी आहे, हे सारे त्यात येई. १९६२ च्या जानेवारीत वाचकांच्या मतांचा निकाल लागला. बीटल्स पहिले आणि पेसमेकर्स दुसरे. सिलाचे आडनाव खरे व्हाइट. पत्रात चुकून ब्लॅक छापले गेले आणि तेच कायम झाले. समीक्षक, जाहिरातदार आणि गावगप्पा, तिन्ही कामे एका कागदाने केली.

याच्या जोडीला परदेशातली एक कठोर शाळा मिळाली. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात बदनाम वस्तीतल्या गुत्त्यांना वाजविणारे हवे होते. १९६० च्या जुलैत डेरी अँड द सीनियर्स ही मंडळी तेथे प्रथम गेली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये बीटल्स गेले. इंद्रा या गुत्त्यात साधारण दिवशी साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवावे लागे. प्रथम तेथे ४८ रात्री, नंतर कायझरकेलरमध्ये ५८ रात्री. दारुडे खलाशी समोर असताना सहा तास गाणे म्हणजे रियाजच. हॅरिसन अठरा वर्षांचा नव्हता म्हणून त्याला परत पाठविण्यात आले, इतकी ही मंडळी कोवळी होती. परत आल्यावर २७ डिसेंबर १९६० रोजी लिथरलँडच्या नगरभवनात त्यांनी वाजविले तेव्हा श्रोते नाचायचे सोडून मंचाकडे धावले.

पुढची कथा बहुतेकांना माहीत आहे. तबकड्यांचे दुकान चालविणारा ब्रायन एपस्टाइन ९ नोव्हेंबर १९६१ रोजी कॅव्हर्नमध्ये उतरला आणि बीटल्सचा व्यवस्थापक झाला. १ जानेवारी १९६२ रोजी लंडनच्या डेका कंपनीने त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना नाकारून लंडनजवळची एक मंडळी निवडली. ती जवळ राहते हीही एक सोय होती. राजधानीची नजर किती आखूड असते याचे हे उत्तम उदाहरण. अखेर ई.एम.आय. कंपनीचे जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना घेतले आणि ५ ऑक्टोबर १९६२ रोजी पहिली तबकडी निघाली. ४ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. जेरी मार्सडेनच्या पेसमेकर्सची पहिली तिन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. असे त्यापूर्वी कोणाचे झाले नव्हते. त्यांतले तिसरे मूळ १९४५ च्या एका अमेरिकी संगीतिकेतले. लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर हजारो प्रेक्षक आजही ते एका आवाजात गातात.

येथपर्यंतची कथा आनंदाची आहे. पण सुगीनंतर शेताचे काय झाले, हेही विचारले पाहिजे. यश मिळाले तशा मंडळ्या लंडनला गेल्या. कंपन्यांचे हस्तक लिव्हरपूलला येऊन जो गिटार धरील त्याला करारात बांधू लागले. त्यांतले बहुतेक करार एक-दोन तबकड्यांनंतर विरले. मर्सी बीट पत्राचे जुने नाव १९६५ साली गेले. कॅव्हर्न कर्जात बुडून १९६६ च्या फेब्रुवारीत बंद पडला, जुलैत पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या हस्ते पुन्हा उघडला आणि १९७३ साली कायमचा बंद झाला. भुयारी रेल्वेला हवेची वाट हवी म्हणून वरची वखार पाडली, तळघर बुजविले. ती हवेची वाट तेथे कधी काढलीच नाही.

ज्यांचे नाव झाले नाही त्यांची आठवण केल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. रॉरी स्टॉर्म हा एके काळी शहरातला सर्वांत झगमगीत गायक. बोलताना अडखळे, गाताना नाही. रिंगो मूळचा त्याच्या मंडळीतला. ऑगस्ट १९६२ मध्ये तो बीटल्सकडे गेला. रॉरीच्या मंडळीच्या दोनच तबकड्या निघाल्या आणि दोन्ही चालल्या नाहीत. १९७२ साली, चौतिसाव्या वर्षी, तो वारला. टॉक्स्टेथ या काळ्या लोकांच्या वस्तीतली चांट्स ही गाणाऱ्यांची मंडळी १९६२ साली कॅव्हर्नमध्ये गायिली तेव्हा साथीला खुद्द बीटल्स होते. गुण होता, तबकड्या निघाल्या, यश आले नाही. ज्या काळ्या लोकांच्या गाण्यावर हे सारे उभे राहिले, त्यांच्याच शहरातल्या मुलांना या दिंडीत मागे राहावे लागले. त्यांपैकी एडी अमू पुढे आपल्या भावाबरोबर रिअल थिंग या मंडळीत गायिला आणि १९७६ साली त्या मंडळीचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. चौघी मुलींची लिव्हरबर्ड्स ही मंडळी १९६३ साली निघाली. तिला मान मिळाला तो घरी नव्हे, हॅम्बुर्गमध्ये.

शहराचेही दिवस फिरले. मालाची वाहतूक मोठमोठ्या पोलादी पेट्यांतून होऊ लागली, जुन्या गोद्या निकामी झाल्या. १९३१ साली साडेआठ लाखांवर असलेली वस्ती २००१ साली साडेचार लाखांच्या आत आली. तरी गाणे मेले नाही, आणि याचे कारण पुन्हा एक तळघरच होते. १९७६ साली मॅथ्यू स्ट्रीटवर, जुन्या कॅव्हर्नच्या समोर, एरिक्स हा क्लब निघाला. तो १९८० पर्यंतच टिकला. पण एको अँड द बनीमेन, टिअरड्रॉप एक्सप्लोड्स, ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क अशा मंडळ्या तेथून निघाल्या. १९८३-८४ मध्ये फ्रँकी गोज टू हॉलिवूड या लिव्हरपूलच्याच मंडळीने पहिली तिन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर नेऊन जेरीच्या विक्रमाशी बरोबरी केली. चार वर्षांच्या जागेने एवढे केले.

१९८४ साली कॅव्हर्न पुन्हा बांधला. जुन्या सुमारे पंधरा हजार विटा त्यात वापरल्या. २०१५ साली युनेस्कोने लिव्हरपूलला संगीतनगरी म्हणून मान दिला. आज जगभरचे प्रवासी ते तळघर पाहावयास येतात. आम्हांला यात आनंद आहे आणि थोडी खंतही. स्मारक उभारायला पैसा मिळतो; जे अजून स्मारक झालेले नाही, जेथे सतरा वर्षांची अनोळखी पोरे बेसूर वाजवीत आहेत, त्या खोलीचे भाडे कोण भरणार?

कापसाची वाट एके काळी आपल्याकडून तिकडे होती. १९६८ च्या जानेवारीत तिकडचा एक जण इकडे आला. जॉर्ज हॅरिसनने मुंबईत एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांसारख्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. आपल्या वादकांची घराणी पिढ्यानपिढ्यांची, आणि तो तळघरातून आलेला. तरी दोघांच्या शिक्षणात एक गोष्ट समान होती: कोणीतरी त्यांना पुष्कळ वेळ, पुष्कळ वेळा, चुकत चुकत वाजवू दिले होते.

लिव्हरपूलपासून शिकावयाचे ते एवढेच. प्रतिभा घडविता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिला उतरावयास जागा ठेवता येते. ती जागा म्हणजे हप्त्याने वाद्य देणारा दुकानदार, तळघर उघडून देणारी एखादी आई, दुपारच्या सुट्टीत शिलिंग मोजणारा कारकून, गावातल्या गाण्याची बातमी छापणारे चार पानांचे पत्र, आणि शेजारची वरचढ मंडळी. आपल्या गावात यांपैकी काय आहे आणि काय गेल्या काही वर्षांत गेले, याचा हिशेब प्रत्येकाने घरी जाताना करावा. जे गेले असेल ते परत आणण्यास फार मोठा खर्च लागत नाही. लिव्हरपूलमध्ये आरंभी अठरा पायऱ्या आणि एक तळघर पुरले होते.